पासंग

भांडी बाजारात काशिनाथ कासार तराजू तपासायचे
तेव्हा दोन्ही पारडी आधी रिकामी करायचे.
काटा थरथरत एका अंगाला झुकला
की दुसऱ्या पारड्याच्या पोटाला
मेणानं शिशाचा तुकडा चिकटवायचे.
“हा पासंग. चोरी नव्हे ही, पोरी,
घडणावळीतच राहून गेलेलं.”

मी आठ वर्षांची होते.
आता सातपूरच्या एका गच्चीवर
ताटलीएवढ्या अँटेनापाशी तेच करते,
फक्त माझी पारडी वीस हजार किलोमीटर वर आहेत
आणि रिकामी करता येत नाहीत.

उपग्रह सांगतो, दोन लहरी एकाच ठोक्याला सोडल्या.
त्याला तसं वाटतं.
एक त्याच्याच तारांच्या गुंत्यात
दोन-चार नॅनोसेकंद रेंगाळलेली असते.
वाटेत आयनांबर दोघींना अडवतं,
एकीला जास्त, एकीला कमी,
भर दुपारी तर टोलनाक्यासारखं.
शेवटी माझा रिसीव्हर
आपल्या पदरचा उशीर गुपचूप मिसळतो.
माझ्या हाती पडतो एकच आकडा,
तिघांची उधारी एका चिठ्ठीवर
आणि सही कुणाचीच नाही.

म्हणून पहाटेचे तीन ते पाच.
तेव्हा आभाळाचा वाटा सगळ्यात कमी.
तरन्नुम पिंजारी थर्मास उघडते,
खाली एखादा कारखाना शिफ्ट बदलतो,
पांडवलेण्याच्या डोंगरावरून
एकेक उपग्रह वर चढतो, हजेरीला उभा राहतो.

एप्रिलात एका दुपारी
आमचे सगळे उपग्रह एकदम बिघडले.
एकतीसच्या एकतीस, एकाच दिशेनं,
सव्वा नॅनोसेकंद, म्हणजे दीड वीतभर.
मी तीन रात्री समीकरणं उसवली.
तरन्नुमनं वीजबिलाच्या मागे लिहिलेलं दाखवलं:
*१२:४० ला एसी बंद पडला. खोलीत एकेचाळीस.*
सगळं आभाळ एकदम चुकत नसतं.
आम्ही रिसीव्हरला टेबलफॅन लावला
आणि आभाळ जागेवर आलं.

तरीही एक गोष्ट उरतेच.
उपग्रहाचा दोष किती, माझा किती,
हे नुसत्या मोजण्यानं कधीच सुटत नाही.
त्यांच्यात थोडा घाला, माझ्यातून तेवढाच काढा,
हिशेब तितकाच बरोबर.
कुठेतरी खुंटी ठोकावी लागते.
आम्ही ठरवतो: सर्व उपग्रहांच्या दोषांची बेरीज शून्य.
का शून्य? ठरवलं म्हणून.

नाशिककराला हे अवघड जाऊ नये.
गोदेला पाणी किती, विचारलं तर
आपण म्हणतो, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं.
मारुतीची कंबर समुद्रापासून किती उंच,
पुराच्या दिवशी कुणी विचारत नाही.
तो हलत नाही, एवढं पुरतं.

पण आमचा शून्य हलतो.
गेल्या वर्षी एक म्हातारा उपग्रह सेवेतून काढला,
सगळ्यात मोठा दोष त्याचाच होता.
दुसऱ्या दिवशी उरलेल्या तिसांचे आकडे
सारखेच सरकलेले.
कुणी काही केलं नव्हतं,
एकही तार तापली नव्हती.
एकजण बेरजेतून उठला, एवढंच.
आणि रिसीव्हर, गच्चीवर मुकाट बसलेला,
तोही आदल्या दिवसापेक्षा वेगळा दोषी ठरला.

त्या सकाळी मी घरी फोन केला, विनाकारण.
आई म्हणाली, भाऊ हल्ली फार बोलायला लागलाय,
आप्पा असताना बोलायचा नाही.
मी म्हटलं, हं.

काशिनाथ कासारांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
त्यांच्या तराजूचा शिशाचा तुकडा
माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.
एकदा प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवला: सव्वाअकरा ग्रॅम.
लिहून ठेवलं, मग खोडलं.
तराजूवरून उतरल्यावर
ते कशाचंच वजन नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटं.
तरन्नुम म्हणते, सतरावा उगवतोय.
तिच्या घड्याळात चार वाजून बारा.